घरी काय म्हणाला

मकबूल, खोटं बोललास तू माझ्याशी.

सव्वीस वर्षांत एकदाच बोललास, आणि तेही नेमकं निवडून. शनिवारची सकाळ होती. बाकावर पाच-सहा पेशंट, मी एका म्हातारीचं बीपी बघतोय, तू आतून ट्रे घेऊन आलास आणि मी मान वळवून विचारलं, "काय मकबूल, गोळीनं उतार पडला ना?" तू म्हणालास, "बरंय की, साहेब." झालं. मी परत बीपीच्या पट्ट्याकडं वळलो. पुढच्या शुक्रवारी सकाळी दवाखान्यात यायला निघताना, उंबऱ्यात चप्पल घालता घालता तू गेलास. एक चप्पल पायात होती, एक बाहेरच, असं तुझ्या बायकोनं, शमीमभाभींनी फोनवर सांगितलं.

त्याला आज सतरा दिवस झाले. तुझ्यावर चार शब्द लिहा म्हणून गल्लीतले सगळे माझ्या मागं लागलेत. तुझ्या फोटोखाली छापून दवाखान्यात लावायचेत म्हणे. मनमिळाऊ, कष्टाळू, रुग्णसेवेचं व्रत घेतलेला वगैरे. मी लिहायला बसलो आणि माझं डोकंच फिरलं. अरे, तू मनमिळाऊ कधी होतास? रोज भांडायचास माझ्याशी. तू कुठं जन्मलास, किती शिकलास, तुझ्यामागं कोण कोण आहे, हे ज्याला लिहायचंय त्यानं लिहावं. मला तुझ्याशी बोलायचंय, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय.

गिरणी बंद पडली आणि तू माझ्याकडं कंपाउंडर म्हणून आलास, तेव्हा तुला गोळीचं नाव धड वाचता येत नव्हतं. गिरणीत तुझं काम चादरी तपासायचं. मी म्हणालो, बाबा रे, इथं काय तपासणार तू? तू नुसता हसलास. पहिल्याच महिन्यात एका औषध कंपनीचा माणूस आला, टाय लावून, घाम पुसत. शुगरवाल्यांच्या तळपायांची आग होते ना, त्यावर नवी गोळी आणली होती त्यानं. गुळगुळीत कागदावरचा तक्ता त्यानं माझ्यापुढं धरला. गोळी घेतलेल्यांचा रंगीत खांब उंच, न घेतलेल्यांचा बुटका. मी मान डोलावत होतो. तू चहा ठेवायला आलास आणि तिथंच उभा राहिलास.

"मधनंच गोळी सोडून गेलेली माणसं कुटल्या खांबात धरली?" तू विचारलंस.

तो माणूस माझ्याकडं बघायला लागला. मी तुझ्याकडं. तू म्हणालास, "न्हाय, गिरणीत आमी नापास चादरी कोपऱ्यात टाकायचो. कोपरा मोजला न्हाय की माग लई भारी चाललाय असंच दिसतं की." त्या माणसानं तक्ता बॅगेत घातला आणि चहा न पिताच गेला. चारचौघांत माझी अब्रू काढलीस म्हणून मी तुझ्यावर असा भडकलो! तू शांतपणे कप उचललास आणि तो चहा स्वतः पिऊन टाकलास.

गोळी मात्र मी सुरू केलीच. आणि तिचा गुण यायला लागला, असं मला दिसायला लागलं. जो परत येईल तो म्हणायचा, "लई बरं वाटलं डॉक्टर, तुमच्या हाताला गुण हाय." हातगुण! हा शब्द ऐकला की माझं तोंड फुलायचं आणि तुझं वाकडं व्हायचं. जे परत आले नाहीत त्यांचं काय, असं तू विचारलंस. मी म्हणालो, ते बरेच झाले असणार, बरं वाटल्यावर कोण येतंय डॉक्टरकडं? तू दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणलीस आणि पट्टीनं रेघा मारत बसलास. नाव. काय होतंय. काय दिलं. आणि शेवटी शेजारी शेजारी दोन रकाने: 'दवाखान्यात काय म्हणाला' आणि 'घरी काय म्हणाला'. दर रविवारी लुनाला किक मारून तू निघायचास. मी म्हणालो, रिकामा राहिला रकाना तर बरा म्हणून धर. तू मान हलवलीस. "रिकामा म्हंजे बरा न्हवं, साहेब. रिकामा म्हंजे आपण गेलो न्हाय."

अंबादास आठवतो? मागावर आयुष्य काढलेला, कानानं ठार बहिरा. पायांची आग निम्म्यानं कमी झाली, असं तो मला सांगून गेला होता. तू रविवारी त्याच्या घरी पोचलास तेव्हा तो दोन्ही पाय पाण्याच्या बादलीत बुडवून बसला होता आणि गोळ्यांचं पाकीट खिडकीत तसंच. घेतली की गरगरतंय, म्हणाला, मागावर पडता पडता वाचलो. मग डॉक्टरला बरंय म्हणून का सांगितलंस? "एवढं आपुलकीनं विचारत्यात, न्हाय कसं म्हणायचं? त्यांच्या मनाला लागंल की." हे तू मला त्याच्याच आवाजात करून दाखवलंस, मान तिरकी करून. वर म्हणालास, "ही आपल्या लोकांची रीत हाय, साहेब. जेवण कसं झालं म्हणून इचारलं तर पाव्हणा खारट म्हणतोय व्हय?"

"डॉक्टर तू आहेस का मी?" मी ओरडलो. दोन दिवस तू फक्त 'व्हय साहेब' आणि 'न्हाय साहेब' एवढंच बोललास. तिसऱ्या दिवशी मीच वही मागून घेतली. त्या गोळीपुढचे दोन रकाने शेजारी शेजारी वाचले आणि मला घाम फुटला. डावीकडं सगळे बरे. उजवीकडं थोड्यांना खरंच आराम होता, ते तू प्रामाणिकपणे लिहिलं होतंस. बाकीच्यांना गरगर, झोप, कोरडं तोंड, नाहीतर काहीच नाही. गोळीचा दोष थोडाच होता, मीच ती सरसकट सगळ्यांना लिहीत सुटलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी तुला माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसवलं.

मग आपल्याला चटकच लागली. खोकल्याच्या गोड औषधाची बाटली मी येईल त्याला द्यायचो. तू म्हणालास, साध्या खोकल्याला एकाआड एक देऊ, बाकीच्यांना मिठाच्या गुळण्या आणि कोमट पाणी. पण नंतर विचारायला ना तुम्ही जायचं, ना मी. कुणाला काय दिलंय ते आपल्याला ठाऊक असणार, म्हणजे आपल्याला हवं तेच ऐकू येणार. मग कोण? तू शमीमभाभींना नुसती नावं दिलीस. त्या बिचाऱ्या बुरखा सावरत गल्लीबोळांतून घरोघरी जाऊन "खोकला कसा हाय?" एवढंच विचारून आल्या. दोन्हीकडची माणसं सारखीच बरी झाली होती. मी कपाटातल्या बाटल्यांकडं बघत राहिलो आणि भाभी मला म्हणाल्या, "तुमी नाराज नका होऊ, डॉक्टरसाब. लोक बरे तर झालेत की."

दुपारी पेशंट संपले की तुझी भाकरी आणि शेंगाचटणी, माझा डबा, आणि माझ्या फोनवर एखादं औषध माणसांवर तपासून बघितल्याचा नवा कागद. मी इंग्रजीतून वाचून मराठीत सांगायचो, तू चावत चावत प्रश्न टाकायचास. कुणावर केलं? किती दिवस? मधनं किती गेले? विचारलं कुणी, औषध विकणाऱ्यानं का दुसऱ्या कुणी? गुडघ्यांच्या गोळीचा कागद वाचला तेव्हा तुला ठसका लागला होता. "गुडघा सत्तर वर्साचा आन तपासणी दोन महिन्याची?" मला पदवी मिळाली होती, मकबूल, पण कागद कसा वाचायचा हे मी तुझ्या त्या प्रश्नांनी शिकलो. हे मी तुला कधी म्हणालो नाही. आता कुणाला म्हणू?

एका गोष्टीवर मात्र आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. टीबीच्या गोळ्यांवर भांडण नव्हतं. माणूस डोळ्यादेखत अंगानं भरून यायचा. भांडण होतं बीपीच्या गोळ्यांवर. ती विड्या वळणारी यल्लव्वा मला दवाखान्यात म्हणायची बरंय, आणि घरी तुला म्हणायची, "काय फरक न्हाय, उगं गिळायच्या." तू वही माझ्यापुढं आपटायचास. उजवा रकाना सगळा 'फरक नाही', मग कशाला द्यायची ही? मी समजावून समजावून थकलो. अरे, हिचा गुण अंगाला कळत नाही. वर्षानुवर्षं घेणारे आणि न घेणारे शेजारी शेजारी ठेवून मोजले तेव्हा कळलं, की घेणाऱ्यांत लकवा कमी होतो. न झालेला लकवा तू कुठल्या रविवारी बघायला जाणार?

"म्हंजे माणसाच्या सांगण्यावर इस्वास ठेवायचा न्हाय," तू म्हणायचास. "मग मी घरी जातो कशाला?"

कुठल्या औषधाला माणसाला विचारायचं आणि कुठल्या औषधाला माणूस काय म्हणतो ते बाजूला ठेवायचं, हे ठरवता ठरवता आपली सव्वीस वर्षं गेली. आणि मला पटलं नाही म्हणत म्हणत यल्लव्वाच्या गोळ्या संपल्या की नव्या पोचवायला तूच जायचास. ती अजून विड्या वळतीय. तुझ्या जनाजाच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी उभी होती, हाताला तंबाखू तसाच.

आता ते बोलतो जे तुला माहीतच आहे. तरी ऐक.

त्या बुधवारी तू पाण्याचा जार घेऊन दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढलास आणि दारात थांबलास. छातीवर हात. "काय रे?" "जड वाटतंय जरा, साहेब. ढेकरबी आंबट येतंय." मी तुला झोपवून ईसीजी काढला. पट्टी साफ. मला माहीत होतं, मकबूल, मला चांगलं माहीत होतं, की झोपवून काढलेल्या साफ पट्टीवर विसंबायचं नसतं. चढताना छातीत जड होत असेल तर माणसाला मोठ्या तपासणीला पाठवायचं असतं, त्याच दिवशी. दुसऱ्या कुणालाही मी पाठवलं असतं. पण तू माझा माणूस. माझ्या माणसाला हृदयाचं काही नसावं अशी माझी इच्छा होती, आणि तिलाच मी निदान म्हणून मोकळा झालो. "पित्त आहे," म्हणालो. "आठ दिवस ही गोळी घे. उतार पडला तर पित्तच. नाही पडला तर पाठवतो तपासणीला."

तू पाकीट उलटसुलट करून बघितलंस. "साहेब, हा पुरावा व्हय? पित्त तसंबी कमी-जास्त होतच आसतं की."

"गप घे," मी म्हणालो. तू हसलास आणि पाकीट खिशात टाकलंस.

शनिवारी सकाळी मी तो प्रश्न विचारला. उत्तर हातात देऊन प्रश्न विचारायचा नाही, हे तू मला शंभर वेळा सांगितलं होतंस. 'उतार पडला ना' नाही, 'कसं आहे' विचारा. आणि विचारताना मान हलवू नका. मी मान हलवून, चारचौघांत, बीपीचा पट्टा हातात धरून विचारलं. तू काय म्हणणार होतास?

त्याच दुपारी तू वही पुढं ठेवलीस. दर शनिवारी ठेवायचास, रविवारी कुठं कुठं जायचं ती यादी मी बघावी म्हणून. आणि मी, आता तुझ्यापासून काय लपवायचं, गेली कित्येक वर्षं न बघता सही ठोकत होतो. त्या दिवशीही ठोकली. तू वही लगेच उचलली नाहीस. "बघितली का, साहेब?" विचारलंस. "बघितली रे बाबा," मी म्हणालो. म्हणजे त्या एका दिवसात आपण दोघंही खोटं बोललो, तू सकाळी आणि मी दुपारी.

गुरुवारी आठ दिवस भरले. मी विचारलंसुद्धा नाही. उलट त्या आठवड्यात मी दोन-तीन पेशंटना छाती पुढं काढून सांगितलं, की आमच्या मकबूलला बघा, दुसरा कुणी असता तर घाबरून गेला असता, मी पित्ताच्या गोळीवर बरा केला. तू आत सिरिंजचे डबे लावत होतास. तुला ते ऐकू आलं असणार. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाभींचा फोन.

कबरस्तानात मी तीन मुठी माती टाकली. तिसऱ्या दिवशी दवाखाना उघडला. पहिल्याच पेशंटनं "बरंय की, डॉक्टर" म्हटलं आणि मी दचकून आतल्या दाराकडं बघितलं. तेव्हापासून हेच चाललंय. जो कुणी बरंय म्हणतो तो तुझ्या आवाजात म्हणतो. बाई असो, म्हातारा असो, पोर असो. स्टेथोस्कोप कानात असला तरी ऐकू येतं. परवा एका साध्या सर्दीवाल्याला मी पाच वेळा विचारलं, खरंच बरंय का, खरंच का, शेवटी तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "डॉक्टर, आईशप्पत बरा हाय, आता जाऊ का?" बाकावरचे सगळे माझ्याकडं बघत होते. डॉक्टरला काहीतरी झालंय, असं गल्लीत बोलतात म्हणे.

शनिवारी दुपारी यल्लव्वाच्या गोळ्या किती उरल्या ते बघायला मी तुझी वही काढली. शेवटचं लिहिलेलं पान. शेवटची ओळ. तुझं ते तिरपं अक्षर. 'मकबूल. छातीत जड. पित्ताची गोळी.' दवाखान्यात काय म्हणाला: 'बरं आहे.' घरी काय म्हणाला: काहीच नाही. नुसत्या पट्टीच्या रेघा.

वरच्या पाचही ओळी भरलेल्या होत्या. म्हणजे त्या रविवारी छातीत ते ओझं घेऊन तू पाच घरं फिरलास आणि पाचही जणांचं खरं लिहून आणलंस. तुझं कोण आणणार होतं? यादीतल्या सहाव्या घरी तुला जाता येणार नव्हतं, कारण ते तुझंच होतं. तिथं जाणारा दुसरा एकच माणूस होता, आणि त्याची सही पानाच्या तळाशी होती. तारखेसकट. मी बाहेरच्या पेशंटना आज बसणार नाही म्हणून सांगितलं आणि दार लावून घेतलं.

काल रविवार होता. वही घेतली आणि तुझ्या घरी गेलो. सव्वीस वर्षांत मी ईदला तेवढा यायचो, शीरखुर्मा खायचो आणि अर्ध्या तासात निघायचो. तुझी लुना भिंतीला टेकवून उभी होती. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर काही महिने परक्या पुरुषासमोर यायचं नसतं, म्हणून पडद्याआड बसल्या आणि तुझी लेक रेश्मा बाहेर माझ्यासमोर. तू शिकवलंस तसंच सगळं केलं. चप्पल बाहेर काढली. स्टेथोस्कोप आणला नव्हता. आधी चहा घेतला, पाण्याचं विचारलं, रेश्माच्या शाळेतल्या नोकरीचं विचारलं. मग प्रश्न, आणि प्रश्नात उत्तर नाही. मान हलवली असती तरी पडद्यातून भाभींना दिसणार नव्हती.

"भाभी, त्या आठ दिवसांत मकबूलला कसं होतं?"

रेश्मा खाली बघत होती.

"कायबी फरक न्हवता, डॉक्टरसाब," भाभी म्हणाल्या. "घरापासनं दवाखान्यापातूर दोनदा थांबायचे. एकदा पानपट्टीपाशी, एकदा त्या लिंबाखाली. मी रोज म्हणायची, साहेबांना सांगा की. तर म्हणायचे, साहेबांनी इतक्या खात्रीनं गोळी दिलीया, समद्यांपुढं इचारलं, तोंडावर न्हाय कसं म्हणू? त्यांचं तोंड उतरतं, ते मला बघवत न्हाय."

"पण अरे..." माझ्या तोंडून निघून गेलं. भाभींना नव्हे, तुला.

"आन म्हणायचे, रविवारी साहेब येतील. वहीत माझं नाव घातलंय, साहेबांनी सही केलीया. घरी आले की खरं ते सांगतो. रेश्माला चांगले कप काढून ठेवाया लावले होते. दिवस बुडून मगरीबची अजान होईपातूर वाट बघितली. मग म्हणाले, साहेबांना काम निघालं आसंल."

रेश्मानं माझ्या हातातल्या कपाकडं बघितलं. मीही बघितलं. तेच कप होते.

अरे गाढवा! जीव जातोय आणि तू रीत पाळत बसलास? अंबादासला हसायचास ना तू? त्याच्या तिरक्या मानेची नक्कल करायचास ना? तू माझा गळा धरायचा होतास, वही डोक्यात घालायची होतीस, दवाखान्यात सगळ्यांपुढं ओरडायचं होतंस की नाही उतार पडत, साहेब, तुमची गोळी खोटी आहे! माझं तोंड उतरलं असतं. उतरू द्यायचं होतंस. तुझ्याशिवाय कुणाचा हक्क होता त्यावर? आणि तुला काय वाटलं, मी खरंच ती वही वाचतो? एवढा विश्वास माझ्यावर? कागदावर ठेवला नाहीस, औषध कंपनीवर ठेवला नाहीस, आणि माझ्या एका सहीवर ठेवलास?

वेळेत तपासणी झाली असती तर तू वाचला असतास का? मला ठाऊक नाही. कुणी मला विचारलं तर मी म्हणेन, एका माणसावरून काही ठरत नाही, आमचा मकबूल असं म्हणायचा. तपासणीला पाठवलेला मकबूल आणि न पाठवलेला मकबूल शेजारी शेजारी ठेवून बघता आले असते तर कळलं असतं. माझ्याकडं एकच होता. पण एवढं मात्र मला कळलंय, आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाही, की आपल्या त्या जुन्या भांडणात मी दोन्हीकडून हरलो. कागद सांगत होता, पाठव तपासणीला. माणूस घरी कप मांडून वाट बघत होता. मी ना कागद मानला, ना माणसाला विचारायला गेलो.

तिथंच, तुझ्या बैठकीत बसून, मी पेन काढलं. तुझ्या ओळीतला शेवटचा रकाना भरला. 'फरक नव्हता. दोनदा थांबायचा.' तू लिहितोस तसंच, जास्तीचं काही नाही. रेश्मानं वाचलं आणि मान हलवली. मग मी अख्खं पान वरपासून खालपर्यंत एकदा वाचून काढलं, बाकीची पाच नावंसुद्धा. त्यातल्या दोघांची औषधं बदलायची होती. तू तसं शेजारी बारीक अक्षरात लिहिलंही होतंस.

वही बगलेत घेऊन उठलो. येतो म्हणालो. दारात चप्पल पायात सरकवत होतो तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला.

"डॉक्टरसाब, आन तुमी कसे हाय?"

"बरंय की, भाभी," मी म्हणालो.

बोलून गेल्यावर मला ऐकू आलं. या वेळी आवाज तुझा नव्हता, माझाच होता. मी तसाच उभा राहिलो, एक चप्पल पायात आणि एक बाहेर.

मग भाभी म्हणाल्या, "ते दवाखान्यातलं झालं. हे घर हाय. रेश्मा, साहेबांना पाणी दे." आणि परत, सावकाश, खोकल्याच्या वेळी घरोघरी विचारलं होतं तसंच, "कसे हाय तुमी?"

मी चप्पल काढली आणि आत जाऊन बसलो.